पोत्यांचा रस्ता

बारशाच्या दिवशी मी हसलो होतो. एवढंच आहे खरं तर. सगळे हसले, त्यांच्यात मीपण हसलो, त्यात काय फार मोठं पाप नाही. पण सात महिने होऊन गेले तरी ते हसू अधूनमधून घशाशी येतं, जागरण झाल्यावर आंबट ढेकर यावी तसं.

झालं असं की बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं, म्हणून बारसंपण आमच्याच घरी. तिच्या सासरची मंडळी जिंतूरहून यायची होती, दोन गाड्या भरून. सकाळी उठल्या उठल्या बायकोनं आणि मी पहिलं काम काय केलं तर घरातली सगळी पोती गोळा केली. आमच्या घरात पोती अंथरलेली असतात, तागाची, रिकामी. समोरच्या दारापासून हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत एक पट्टा, त्याला फाटा फुटून मागच्या दाराकडं दुसरा, आणि पाण्याच्या घमेल्यापाशी चार पोत्यांचा चौक. नवीन माणूस आलं की विचारतंच, भुसार दुकान टाकलं का म्हणून. हा सगळा रस्ता आमच्या कुत्र्यासाठी. नाव कारभारी, वय बारा, मागचे दोन्ही खुबे आखडलेले, कान गेलेले, डोळ्यावर निळसर झाक आणि किडन्यांचं म्हणाल तर जेवढ्या उरल्यात तेवढ्यावर भागवायचं. गुळगुळीत टाइल्सवर त्याला उभंच राहता येत नाही. पण व्याह्यांसमोर पोती कशी ठेवायची? गुंडाळली आणि मागं पत्र्याखाली टाकून दिली, कारभाऱ्यालापण तिथंच बांधलं.

पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, गडीमाणसं हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलेली आणि टॉवेल-टोपीचा आहेर चाललेला. तेवढ्यात कुणाच्या तरी लेकरानं दोरी सोडली. बाराच्या सुमाराला घमेल्यातलं पाणी प्यायला आत यायचं हे कारभाऱ्याचं ठरलेलं, ते त्याला घड्याळाबिगर कळतं. मागच्या दारातून आला, उंबऱ्यावर थांबला, जिथं पोतं सुरू होतं तिथं पाय टाकला. टाइल लागली. मला चांगलं आठवतंय, पाय त्यानं मागं घेतला, हुंगलं, आणि परत टाकला. रोजचा रस्ता आहे म्हणल्यावर असणारच की पुढं, असं त्याला वाटलं असावं. चार पावलं आला आणि मधोमध चारी पाय चार दिशांना गेले. पोट टेकलं, हनुवटी टेकली. उठायला बघायला लागला तशी नखं टाइल्सवर खर्रर्र खर्रर्र वाजायला लागली. बहिणीचे चुलत सासरे म्हणाले, "योगासन करायलंय की हे!" आणि एकच हशा झाला.

मी हसलो.

दादा, म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याहत्तर, व्याह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर आत्ताच दिलेला आहेर, डोक्यावर नवी टोपी. ते काहीच बोलले नाहीत. गुडघ्यावर हात देत उठले, मांडीवरचा कोरा टॉवेल झटकून उलगडला, घडीसुद्धा मोडलेली नव्हती, कारभाऱ्याच्या पोटाखालून घातला, दोन्ही टोकं धरून त्याचं मागचं धड उचललं आणि तसंच चालवत चालवत त्याला घमेल्यापाशी नेलं. व्याह्यांनी दिलेला टॉवेल, व्याह्यांच्या डोळ्यादेखत, कुत्र्याच्या पोटाखाली. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कारभारी पाणी पीत होता, लप लप लप, आणि हॉलमध्ये तेवढाच आवाज.

त्याला हसलेलं ऐकूही आलं नसणार. बहिराच आहे तो.

कारभारी आला 2012 साली. लातूरकडं, जानवळच्या बाजूला, ती उंच पायांची, चिंचोळ्या तोंडाची, पोट पाठीला लागलेली शिकारी कुत्री असतात ना, कारवानी म्हणतात, तसल्या एका कुत्रीचं हे पिल्लू. बाप मात्र गावठीच असणार, कारण शेपटी आणि अक्कल दोन्ही गावठी. मामानं पिशवीत घालून एस्टीनं आणलं होतं. मामा म्हणला कारवानी आहे, मायला ऐकू आलं कारभारी, आणि आठ दिवसात ते नाव त्याला शोभायलापण लागलं, कारण कोण आलं, कोण गेलं, दूध कुणी घेतलं, सगळ्यात याचं नाक. फक्त पंचाईत अशी की माय अंगणात उभी राहून "कारभारी, या आता, भाकर खाऊन घ्या" म्हणून हाळी द्यायची आणि शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. दादा एकदोनदा ओ देऊन आलेपण आहेत. पळायचा तर असा की बघत राहावं. हरभरा निघालेल्या मोकळ्या रानात सशामागं सुटला की आधी मातीची रेघ दिसायची आणि मग कुत्रं. ससा काही त्याला कधी गावला नाही, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा आम्ही माळवदाच्या घरात होतो. खाली शेणानं सारवलेली जमीन, ढाळजेत शहाबादी, तीपण खडबडीत. 2019 ला सेलूत प्लॉटवर घर बांधलं आणि मोठ्या हौसेनं दोन बाय दोनच्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या. दुकानदारानं पाणी ओतून दाखवलं होतं, बघा सर, तोंड दिसतं. दिसतं खरं. आज विचाराल तर त्या टाइल्सनं आमच्या घरातल्या दोन म्हाताऱ्यांचं चालणं अवघड केलं, पण दादा भिंत धरून चालतात आणि कारभाऱ्याला भिंत धरता येत नाही. पहिली दोन वर्षं तो नुसता घसरायचा आणि सावरायचा, आम्हाला वाटायचं मस्ती करतोय. मग हळूहळू तो उंबऱ्यावरच बसायला लागला. आम्ही म्हणलं वय झालं, आळशी झाला. तो आळशी नव्हता झाला, त्याला आत यायची भीती वाटायला लागली होती. हे कळायला मला वर्ष गेलं. पाचवी ते दहावी पोरांना शिकवतो मी, कोण अभ्यास न करता आलंय ते चेहऱ्यावरून ओळखतो, आणि घरातलं कुत्रं दुखणं लपवायलंय हे ओळखू आलं नाही. कुत्री कण्हत नाहीत हो. उठताना एक पाय आधी पुढं सरकवायचा, जिन्यापाशी थबकायचं, आडवं पडायच्या आधी दोन गिरक्यांच्या जागी पाच गिरक्या घ्यायच्या, बास, एवढंच.

एक गोष्ट मला परभणीला दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर सुचली, ती सांगतो. आमच्या घरात म्हातारं झालेलं हे पहिलंच जनावर आहे. पिढ्यानपिढ्या जनावरं पाळणारं घर, दादांना बैलाचा श्वास ऐकून पोटफुगी कळायची, पण म्हातारं जनावर आमच्या गोठ्यात कधी राहिलंच नाही. बैलाचं वय दातावर मोजतात. अदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळला. जुळला की भाव उतरणीला लागतो. मग एका बाजारी व्यापाऱ्यानं दादांचा हात रुमालाखाली घेऊन बोटं दाबायची, दादांनी मान हलवायची, आणि बैलानं दुसऱ्याच्या टेम्पोत चढायचं. म्हातारपण त्याचं कुठंतरी लांब, आपल्या नजरेआड. शेवटची जोडी लाल कंधारी होती, तांबड्या आणि हरण्या. 2016 चा उन्हाळा, लातूरला रेल्वेनं पाणी आणायलेत असं टीव्हीवर दाखवायचे तो. आमच्याकडं कडबा संपलेला, विहीर आटलेली. दादांनी जोडी दिली. त्या दिवशी कारभारी टेम्पोमागं पार फाट्यापर्यंत पळत गेला आणि संध्याकाळी धापा टाकत परत आला. दादा गोठ्यात रिकाम्या दावणीपाशी बसले होते, त्यांच्याजवळ जाऊन पडला. कुत्र्याला बाजारात भाव नाही, म्हणून तो राहिला. राहिला म्हणून म्हातारा झाला. आणि म्हाताऱ्याचं काय करायचं असतं हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं म्हणूनच मी ती गोळी दिली.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. थंडीनं त्याचे खुबे एवढे धरले की सकाळी उठवंना. दादांनी त्यांच्या माहितीतला उपाय सांगितला, डाग द्यायचा. बैल लंगडायला लागला की तापल्या सळईनं खुब्यावर डाग देत असत, त्याच्या खुणा तांबड्याच्या अंगावर होत्या. मी म्हणलं दादा, नाही, ते काही करायचं नाही. मी शिकलेला ना. गेलो आणि मेडिकलवर विचारलं, तो म्हणला अर्धी गोळी चालती कुत्र्याला, दादांना देता तीच द्या. दादांच्या गुडघ्याची, डायक्लोफिनॅक. गुळाच्या खड्यात घालून दिली. दुसऱ्या दिवशी गडी टणाटण उठला, मला वाटलं जिंकलं. चार दिवस दिली. पाचव्या दिवशी उलट्या, आणि मागून डांबरासारखं काळं. वास असा की मळीचा पाट वाहतोय.

शेजाऱ्याच्या छोटा हत्तीत गादी टाकून परभणीला नेलं, पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात. दादापण सोबत आले. हे कॉलेज 1972 सालचं. बहात्तर म्हणलं की दादा सुरूच होतात, आम्ही खडी फोडत होतो तवा, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि सरकारनं ढोरांच्या डॉक्टरांचं कॉलेज काढलं, ढोरं होती कुठं तवा. हे सगळं लाईनीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. आमच्या पुढं एक म्हैस, एक शेळी, आणि एका बाईच्या कडेवर टोपडं घातलेलं पांढरं कुत्रं. डॉक्टर तरुण होते, शांतपणे विचारलं, काय काय दिलं? मी सांगितलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, पोटाच्या आतलं अस्तर सांभाळणारं आणि किडनीला रक्त पोचवत ठेवणारं जे रसायन अंगात तयार होतं, तेच या गोळ्या अडवतात. माणसाला एखाद्या वेळी परवडतं, कुत्र्याला नाही. गिधाडं याच्यानंच गेली, माहिताय ना? मेलेल्या ढोरांच्या अंगात हे औषध असायचं, ते मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. 2006 ला जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद केलं सरकारनं. तेव्हा दादा जे गप्प झाले ते सेलू येईपर्यंत. घराजवळ आल्यावर म्हणाले, "मी म्हणायचो गिधाडं कुठं गेली. लहानपणी ओढ्याकडंला ढोर टाकलं की तासात शंभर उतरायची. मग दिसायचीच बंद झाली. बैलाला सुई तर आपणच मारून घ्यायचो की रे." परत कधी तो विषय काढला नाही त्यांनी.

रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती थकली ते सांगणारा आकडा, 2.6. डॉक्टर म्हणाले गोळीनं बिघडलं हे खरं, पण सगळं गोळीचं नाही, किडनी आधीपासून थकलेली असणार, पाऊणएक काम बंद पडल्याशिवाय हा आकडा वर येतच नाही. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. गेल्या सहा महिन्यांपासून तो घमेलंच्या घमेलं पाणी पीत होता आणि आम्ही म्हणत होतो, ऊन किती आहे.

मग सुरू झालं ते सगळं. औषधं त्यात थोडीच. सूज उतरवायची नेहमीची औषधं किडनीमुळं बंद, दुखणं कमी करायला एक वेगळी गोळी, उलटीची एक. बाकी सगळी घराचीच डागडुजी. डॉक्टरांनी विचारलं, फरशी कसली आहे? मी म्हणलं सर, टाइल्स, तोंड दिसतं. ते म्हणाले आधी त्याच्यावर काहीतरी अंथरा. म्हणून पोती आली. पंजांच्या मधले केस आठवड्याला कापायचे, नाहीतर ते मोज्यासारखे घसरतात. नखं कापायची, पळणं बंद झाल्यामुळं ती झिजत नाहीत, वाढून वाढून पंजा वाकडा करतात. खायचं भांडं विटांवर ठेवायचं, मान वाकवून खाताना पुढच्या पायांवर जोर येतो. एकदाच लांब फिरवून आणायचं नाही, दोन-तीनदा थोडं थोडं, कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत. त्या खांबाला पोचायला आम्हाला अकरा मिनिटं लागतात, प्रत्येक दगडाचा वास घेत घेत. डोळे कान गेले तरी नाक शाबूत आहे, तेवढं त्याचं वर्तमानपत्र चालू आहे. थंडीत दादा वीट तापवून, दोनदा फडक्यात गुंडाळून, आधी स्वतःच्या गालाला लावून बघतात आणि मग त्याच्या खुब्याला. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खाण्याचं मात्र महाभारत झालं. भाकर-कालवणावर वाढलेला गडी. कालवणात कांदा-लसूण, ते कुत्र्याच्या रक्ताला वाईट, बंद. मीठ कमी. आणि डॉक्टर म्हणाले अंड्याचा पांढरा भाग द्या, त्यात चांगलं प्रोटीन आणि किडनीला नको असलेलं फॉस्फरस कमी. आता आमची माय माळकरी. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही. मी मागं पत्र्याखाली तीन विटांची चूल मांडली, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. माय तिकडं फिरकायचीसुद्धा नाही. पण सकाळी साडेसातला माझी शाळा, बायकोला पोरीचा डबा, अंडं सोलायला वेळ कुणाला? एक दिवस परत आलो तर पातेलं घासून पालथं घातलेलं. विचारलं, माय, कुणी खाऊ घातलं? म्हणली, "मीच. कामून? नरसीचा नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं पळाला, देवा कोरडी खाऊ नका म्हणून. आमचं नशीब, आम्हाला अंड्याची वाटी आली." आणि लगेच, "हात साबणानं तीनदा धुतले, बगू नको असा."

रात्रीचं सांगायचं तर दिवस-रात्र उलटीच झाली आहे त्याची. दुपारभर झोपतो आणि रात्री दोनला उठून घरभर हिंडतो. पोत्याच्या पट्ट्यावरून या टोकाला जायचं, भिंत लागली की परत फिरायचं. कधीकधी परत फिरायचं विसरतो आणि कोपऱ्यात भिंतीला नाक लावून नुसता उभा राहतो, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. म्हाताऱ्या माणसांना होतं तसं कुत्र्यांच्या मेंदूलापण होतं म्हणतात. आता एक बारका नाईट लॅम्प लावून ठेवतो आणि जाग आली की जाऊन त्याचे खांदे धरून तोंड इकडं फिरवतो, की चालू पुढं. एकदा मी गेलो तर तिथं दादा आधीच उभे होते, बनियनवर. दोघंही भिंतीकडं तोंड करून. मी म्हणलं दादा, काय करायलाव? म्हणले, "बगायलो, काय दिसतंय याला हितं." मी तसाच मागं फिरलो.

चिडचिड होत नाही असं नाही. होते, लई होते. तीन रात्री सलग झोप नाही, सकाळी हॉलमध्ये मुतलेलं, पोतं धुवायला काढलं की दुसरं अंथरा, उन्हाळ्यात पाऱ्यानं 43 गाठलं की तीच पोती भिजवून त्याच्याखाली घाला. महिन्याचे दोन-अडीच हजार जातात. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला अर्धा क्विंटल सोयाबीन कुत्र्याच्या दवाखान्यात. हे गणित मी कुणाला सांगत नाही, पण लोक करतातच. एकानं तोंडावर म्हणलं, सर, लेकराला दवाखान्यात न्यायला लोकांकडं पैसे नाहीत. खरंय ते. मला त्याच्यावर उत्तर नाही. म्हणून मग मी लपवायला लागलो. सलाईनच्या बाटल्या आणायच्या त्या शाळेच्या बॅगेत, वर पेपरचा गठ्ठा. सुट्टी टाकली तर कारण वडिलांचा गुडघा. पाहुणे यायचे म्हणलं की पोती गुंडाळा. बारशाच्या दिवशीचं हसू त्यातलंच होतं. चार लोकांत मी तुमच्यातलाच आहे, मलाही कळतं हे कुत्रंच आहे, असं दाखवायचं होतं मला. दादांना कुणाला काही दाखवायचं नव्हतं, त्यांना त्याला उचलायचं होतं आणि हाताशी टॉवेल होता.

मे महिन्यात आकडा 3.4 वर गेला आणि डॉक्टरांनी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं, दिवसाआड दोनशे मिली. पहिल्यांदा माझे हात असे कापत होते की सुई कातडीच्या एका बाजूनं घुसून दुसऱ्या बाजूनं बाहेर, सगळं पाणी माझ्या पँटवर. आता जमतं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, खिडकीच्या गजाला अडकवायची, दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची आणि सुई त्या तंबूत सरकवायची. तो हलतसुद्धा नाही. पाणी आत उतरतं तसा तिथं उंचवटा यायला लागतो, मऊ, गार, हात लावला की डुगडुगणारा. नंतर तासाभरात तो उतरतो, कधी एका पायाकडं ओघळतो, संध्याकाळपर्यंत जिरून जातो. पहिल्या दिवशी दादा खुर्चीत बसून सगळं बघत होते. बाटली संपली, सुई काढली, मी बोटानं भोक दाबून धरलं. दादा वाकले, त्या उंचवट्यावर तळहात ठेवला आणि म्हणले, "आरं, वशिंड आलं की याला."

2024 चा पोळा लोकांना लक्षात राहील तो पावसामुळं. आदल्या दिवसापासून जे कोसळायला लागलं ते थांबायचं नावच नाही. ओढे गावात शिरले, सोयाबीन पाण्याखाली, फोन वाजला की पोटात गोळा यायचा. खांदेमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात तेव्हा, संध्याकाळी लाईट गेलेली. जोडी विकल्यापासून आमच्याकडं पोळा म्हणजे पाटावर मातीचे बैल. दादा त्या दिवशी आठ वर्षं गावातसुद्धा जात नाहीत, दुसऱ्यांचे बैल बघायला नको म्हणतात. ओल्या हवेनं कारभाऱ्याचे खुबे पार धरलेले. मी मोबाईलच्या उजेडात सलाईन लावलं होतं, संपत आलेलं. दादा स्वयंपाकघरातून आले तर हातात वाटी. लोण्यात हळद कालवलेली. मला वाटलं स्वतःच्या गुडघ्याला लावायची असेल. ते भिंत धरत धरत खाली बसले, पोत्यावर, कारभाऱ्याच्या अंगाला अंग लावून. म्हणले, काढ सुई.

मी काढली. त्यांनी दोन बोटांवर लोणी घेतलं आणि त्या वशिंडाला लावलं. हलक्या हातानं, गोल गोल, जू बसतं ती जागा मळतात तसं. मग तिथून पाठीवरून खाली, आणि खुब्यांपाशी आल्यावर अंगठे दाबून दाबून. त्यांच्या हाताला अजून कळतं, गाठ कुठं आहे, कुठं जोर द्यायचा, कुठं नुसता हात ठेवायचा. कारभाऱ्यानं एक लांब सुस्कारा सोडला आणि मागचा पाय, जो तो महिनाभर आखडून धरत होता, तो हळूच लांब केला. दादा त्याच्या कानाशी वाकले, आणि बैलांना म्हणायचं, घरात आठ वर्षांत न ऐकलेलं ते वाक्य म्हणले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

ऐकू येत नाही दादा त्याला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. नाही म्हणलो.

पावसातच आमचे शेजारी दारात आले, लाईटीचं विचारायला, त्यांच्या मागं अजून दोघं. समोर अंधारात मोबाईलचा उजेड, खिडकीला लटकलेली रिकामी बाटली, हळदीनं पिवळं झालेलं कुत्रं आणि घरभर पोती. मी बाटली काढायला उठलो नाही. या म्हणलं, चपला काढू नका, पोत्यावरून या, टाइल ओली आहे. दादांनी वाटी बाजूला ठेवली आणि खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले. टॉवेल तोच, बारशाचा. रोज पोटाखाली घालून घालून त्याच्या दशा निघाल्यात, आणि आता वर हळद.

आतून माय म्हणली, "आवतन तर देऊन बसलाव. उद्या घालायचं काय त्याला? पुरण तर चालत नाही म्हणता." दादा काही बोलले नाहीत. मीपण नाही.

सकाळी उठलो तर पाऊस चालूच होता. स्वयंपाकघरात पुरण शिजत ठेवलेलं, पाटावर मातीचे बैल, आणि माय तिथं नव्हती. मागचं दार उघडलं. पत्र्याखाली, पदर डोक्यावर घेऊन, ओल्या काटक्यांच्या धुरानं डोळे चोळत ती तीन विटांच्या चुलीपाशी बसली होती. पातेल्यात दोन अंडी होती. रोज एकच असतं.